गनपावडर चालेल का? एका रॉकेटच्या दुकानाचं प्रकरण

प्रकरण छोटंसंच आहे. माइनक्राफ्टचा एक सर्व्हायव्हल सर्व्हर, नियमित खेळणारे वीसेक जण, आणि स्पॉनजवळ, म्हणजे नवा खेळाडू पहिल्यांदा उतरतो त्या जागेजवळ, आम्ही दोघांनी थाटलेलं रॉकेटचं दुकान. तयार मालाच्या बदल्यात कच्चा माल घ्यायला आम्ही हौसेने सुरुवात केली. दीडेक महिन्यात अशी गत झाली की मागच्या खोलीत पेट्या खच्चून भरलेल्या आणि पुढच्या फळीवर विकायला एक रॉकेट नाही. चोरी कोणी केली नव्हती, फसवलं कोणी नव्हतं. जे झालं ते आम्हीच लिहिलेल्या पाटीप्रमाणे झालं.

माल काय आणि तो बनतो कसा

माइनक्राफ्ट न खेळलेल्यांसाठी थोडी ओळख. एंड नावाच्या वेगळ्या दुनियेतल्या तरंगत्या जहाजात इलिट्रा नावाचे पंख मिळतात. नुसत्या पंखांवर उंचावरून तरंगत खाली येता येतं, तेवढंच. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या १.११.१ पासून हवेत असताना रॉकेट पेटवलं की पुढे जोर मिळायला लागला, आणि तेव्हापासून रॉकेट म्हणजे सर्व्हरवरचं इंधन झालं. पंख एकदा मिळवायचे, रॉकेट मात्र रोज लागतं. दुकान टाकायला याहून बरा माल नाही.

रॉकेटची कृती सोपी आहे. एक कागद, त्याच्यासोबत एक ते तीन गनपावडर, आणि हातात तीन रॉकेट. गनपावडर जितकी जास्त तितका जोर जास्त वेळ टिकतो. आम्ही तीनवालंच विकायचो. त्याचा हिशेब करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे: ६४ रॉकेटच्या एका स्टॅकला (स्टॅक म्हणजे एका खणात मावणारा ६४ वस्तूंचा गठ्ठा) बरोबर ६४ गनपावडर लागते आणि कागद लागतात २१.३३. तीन उसांचे तीन कागद होतात, म्हणजे ऊसही तेवढाच. गनपावडर एक पूर्ण स्टॅक, ऊस त्याच्या एक तृतीयांश. आकडा बघून कोणालाही वाटेल की यातली अडचणीची गोष्ट गनपावडर असणार. आम्हालाही तसंच वाटलं.

सर्व्हरवर चलन म्हणून हिरे चालायचे. कोणी ठरवलं नव्हतं, पडलेली पद्धत. आमचा भाव एक हिरा, एक स्टॅक. दुकानाला ना प्लगइन, ना यंत्रणा. एक डबल चेस्ट, म्हणजे मोठी पेटी, मालाची, एक पैशाची, वर पाटी. गिऱ्हाईक येतं, हिरा टाकतं, माल उचलतं. आम्ही असलो काय, नसलो काय.

पाटीवरची दुसरी ओळ

मग एक नवा मुलगा आला. एंडमधून नुकताच पंख घेऊन आलेला, आणि हिऱ्यांच्या बाबतीत कफल्लक. साहजिक होतं. अंगावरचं पूर्ण हिऱ्याचं चिलखत चढवायलाच २४ हिरे लागतात, वर हत्यारं. चॅटमध्ये त्याने लिहिलं, "दादा, हिरे संपले. गनपावडर चालेल का?"

मी भागीदाराला विचारलं. ती म्हणाली, "चालेल काय, पळेल! नाहीतरी रात्री क्रीपर मारत कोण फिरणार?" आणि खरंच, तेव्हा गनपावडर मिळवणं हा आमचा सगळ्यात कंटाळवाणा उद्योग होता. क्रीपर म्हणजे जवळ येऊन फुटणारा राक्षस. मेला तर शून्य ते दोन गनपावडर टाकतो, आणि मरायच्या आधी बहुतेकदा तोच आपल्याला उडवतो. गिऱ्हाईकच कच्चा माल दारात आणून देत असेल तर सोन्याहून पिवळं.

दर ठरवताना आम्ही अगदीच डोळे मिटून ठरवलं असं नाही. त्या आठवड्यात पलीकडे एक जण गनपावडर विकत होता, हिऱ्याला दोन स्टॅक. आमचा रॉकेटचा स्टॅक एक हिरा. म्हणून पाटीवर दुसरी ओळ आली: "किंवा २ स्टॅक गनपावडर". एक स्टॅक रॉकेटमध्ये गेलेल्या मालाची भरपाई, दुसरा आमची मजुरी. त्या दिवसापुरता हा दर चोख होता. चूक दरात नव्हती. तो दर आम्ही पाटीवर खोदून ठेवला, ती चूक.

पहिले दोन आठवडे झकास गेले. नवे लोक यायला लागले, दुकानाचं नाव झालं. दुसऱ्याच्या गरजेचं माझ्याकडे आणि माझ्या गरजेचं त्याच्याकडे, अशी जोडी एकाच वेळी जुळावी लागते, म्हणून वस्तुविनिमय अवघड, असं अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७५ मध्ये लिहून ठेवलंय. इथे तर जोडी आपसूक जुळत होती: त्यांना रॉकेट हवं, आम्हाला गनपावडर. त्या काळात आम्ही दोघंही जरा हवेतच होतो, पंखांशिवाय.

उसाचं काय झालं

तिसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा खटकलं ते असं. रॉकेट बनवायला बसलो आणि कागदाची पेटी रिकामी. शेतावर गेलो, ऊस तोडून आणला, कागद केले, रॉकेट केली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. गनपावडरची पेटी मात्र भरत चाललेली.

याचं गणित सरळ आहे, फक्त ते करायला कोणी बसत नाही. दोन स्टॅक गनपावडर घेऊन एक स्टॅक रॉकेट दिलं की आमच्याकडे एक स्टॅक गनपावडर शिल्लक राहते आणि २१.३३ ऊस कमी होतो. डबल चेस्टमध्ये ५४ खण. म्हणजे असे ५४ व्यवहार झाले की एक डबल चेस्ट गनपावडरने काठोकाठ भरणार, आणि त्याच वेळात ११५२ ऊस, अठरा पूर्ण स्टॅक, आमच्या शेतातून गेलेला असणार. शिवाय मजुरी म्हणून उरलेल्या त्या पेटीभर गनपावडरचं रॉकेट करायचं तर आणखी ११५२ ऊस हवा. मजुरी मिळत होती, पण ती खर्च करायलाही पदरचाच माल घालावा लागत होता.

मग लोक ऊस का आणत नव्हते? दुसऱ्या ओळीत आम्ही गनपावडर लिहिलं होतं हे एक. पण आम्ही ऊस लिहिला असता तरी तो आला नसता, कारण ऊसाला दुसरीकडे भाव होता. ग्रंथपाल व्हिलेजर (खेळातला सौदे करणारा गावकरी) २४ कागदांना एक पाचू देतो. पाचू दिले की त्याच व्हिलेजरांकडून मेंडिंगसारखी, म्हणजे झिजलेली हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मंत्राची, पुस्तकं मिळतात, आणि मेंडिंग कोणाला नको असतं? त्यामुळे ज्याच्याकडे ऊस, तो कागद करून ग्रंथपालाच्या दारात. गनपावडर विकत घेणारा व्हिलेजर मात्र नाही. टीएनटी आणि फेकायची औषधं सोडली तर तिचा दुसरा उपयोगही फारसा नाही. गिऱ्हाईक स्वतःला ज्याची किंमत कमी तेच आपल्या पेटीत टाकणार. यात लबाडी काही नाही. तुम्ही-आम्ही तेच करू.

इथे मला एक गोष्ट उमगली, आणि माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच. माइनक्राफ्टमध्ये रॉकेट बनवायला कौशल्य लागत नाही. क्राफ्टिंग टेबल सगळ्यांकडे असतं, पातळी वगैरे भानगड नाही. २०२४ च्या जूनमध्ये १.२१ सोबत क्राफ्टर नावाचा ठोकळा आला, तो तर माणसाशिवाय बनवतो. म्हणजे ज्याच्याकडे गनपावडर आणि ऊस दोन्ही आहे, तो आमच्याकडे येणारच नाही. गनपावडर घेऊन येणारा प्रत्येक जण येत होता तो ऊस नाही म्हणून. आमची पाटी रॉकेटची होती, पण त्या गिऱ्हाइकांना आम्ही विकत होतो तो कागद. आणि नेमक्या त्याच कागदाचा भाव आम्ही कधी लावला नव्हता.

चाळीस स्टॅकची सकाळ

हे सगळं डोक्यात होतं, पण पाटी बदलायचा आळस. त्या दरम्यान सर्व्हरवर दोन क्रीपर फार्म उभे राहिले. (क्रीपर मांजराला घाबरतो. मधोमध मांजर बसवून ठेवलं की क्रीपर पळत जाऊन खड्ड्यात पडतात, आणि छताला ट्रॅपडोअर लावून उंची कमी केली की झॉम्बी-सांगाडे तिथे जन्मतच नाहीत. ज्याने पहिल्यांदा शोधलं त्याला नमस्कार.) फार्मचा मालक शेजारी आरामात बसून राहतो आणि पेट्या भरत राहतात. गनपावडर हिऱ्याला दोन स्टॅकवरून चार, मग सहा, मग आठ स्टॅक झाली. आमच्या पाटीवर दोन म्हणजे दोनच.

एका शनिवारी सकाळी भागीदाराचा मेसेज आला: "अरे, दुकान लुटलं!"

जाऊन पाहिलं तर मालाच्या पेटीतले चाळीसच्या चाळीस स्टॅक गायब. आदल्या रात्रीच आम्ही शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी भरून ठेवलेले. पैशाची पेटी उघडली. हिरा एकही नाही. तीन शल्कर बॉक्स, म्हणजे मालासकट उचलून नेता येणाऱ्या पेट्या, होते, ओळीने ठेवलेले. पहिला उघडला, सत्तावीस खण गनपावडर. दुसरा, सत्तावीस. तिसऱ्यात सव्वीस, एक खण रिकामा. एकूण ऐंशी स्टॅक. शेजारी पुस्तकात चिठ्ठी: "८० स्टॅक = ४० स्टॅक. मोजून घ्या. बॉक्स परत हवेत, धन्यवाद."

भागीदार भडकलेली. मी म्हटलं, "पाटी वाच." तिने वाचली. मग बराच वेळ चॅटवर काही आलं नाही.

संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे नवी टपरी दिसली. "रॉकेट (लांब पल्ला), ३ स्टॅक = २ हिरे". आमचीच रॉकेटं. त्या पठ्ठ्याने आठ स्टॅकला एक या दराने ऐंशी स्टॅक गनपावडर दहा हिऱ्यांत उचलली होती, आणि चाळीस स्टॅक तो आता सव्वीस हिऱ्यांच्या आसपास विकायला बसला होता, आमच्या हिऱ्याच्या भावापेक्षा स्वस्त. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, आणि कोहळा आम्ही स्वतः टोपलीत भरून ठेवला होता. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण मनातल्या मनात दादही दिली.

ती ऐंशी स्टॅक गनपावडर आम्ही आमच्या सॉर्टरमध्ये, माल आपोआप निवडून पेट्यांत लावणाऱ्या यंत्रात, ओतली. त्यातला हॉपर, म्हणजे वस्तू पुढे ढकलणारं नरसाळं, सेकंदाला अडीच वस्तू पुढे सरकवतो. ५१२० वस्तूंना चौतीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही दोघं हॉपरसमोर उभं राहून एक-एक राखाडी चिमूट खाली जाताना बघत बसलो होतो. हिशेब करायला बरा वेळ मिळाला.

तोटा झाला का?

यावर आमचं चक्क भांडण झालं. भागीदाराचं म्हणणं: "तोटा कसला? ऊस आपल्या शेतातला, फुकटचा. वर ऐंशी स्टॅक गनपावडर आली." हा विचार खेळागणिक भेटतो. ईव्ह ऑनलाइनमध्ये, जिथे जहाजांपासून दारूगोळ्यापर्यंत जवळजवळ सगळं खेळाडूच बनवतात, तिथे "खनिज मी स्वतः खणलं, म्हणजे मला फुकट पडलं" हे वाक्य थट्टेचा विषय होऊन बसलंय. स्वतः खणलेल्या खनिजाचं जहाज बांधून ते खनिजाच्या बाजारभावाहून स्वस्त विकणारे तिथे पैशाला पासरी सापडतात. नुसतं खनिज विकलं असतं तर जास्त सुटले असते, हे त्यांना पटवणं महाकठीण.

आमचा हिशेब असा निघाला. आलेल्या ऐंशीपैकी चाळीस स्टॅक म्हणजे रॉकेटमध्ये गेलेल्याची परतफेड. उरलेले चाळीस स्टॅक ही कमाई. त्या दिवशीच्या भावाने पाच हिरे. गेलं काय? ८५३ ऊस. ग्रंथपालाकडे त्याचे पस्तीस पाचू सहज झाले असते. पण खरा मुद्दा वेळेचा. ऊस सरासरी अठरा मिनिटांत एक ठोकळा वाढतो, आणि तोही जवळपास कोणी खेळाडू असेल तरच. आपण लांब गेलो की शेत थिजतं. आमची रोपं चोवीस, म्हणजे तासाला ऐंशी ऊस. ८५३ ऊस म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी साडेदहा तासांहून जास्त वेळ शेताच्या आसपास घालवलेला. पाच हिऱ्यांसाठी! खाली खाणीत उतरलो असतो, फॉर्च्यूनची, म्हणजे जास्त हिरे काढून देणारी, कुदळ घेऊन, तर पाच हिरे एखाद्या तासात हाती लागले असते.

शेत मोठं का नाही केलं, असं इथे कोणीही विचारेल. करता आलं असतं. पण मग आम्ही दुसऱ्याच्या स्वस्त गनपावडरला आमच्या वाढत्या कष्टाची जोड देत राहिलो असतो, भाव न लावता. रोपं दुप्पट केली असती तर ती टपरीही दुप्पट झाली असती.

टेबलावरचे पर्याय

फक्त हिरे घ्यायचे, हा भागीदाराचा पहिला हट्ट. सोपा, पण त्याने आमचं खरं गिऱ्हाईकच तुटलं असतं. जुने खेळाडू स्वतःचं रॉकेट स्वतः करतात. आमच्याकडे येणारा नवा, आणि नव्याकडे हिरे नसतात.

दर आठवड्याला गनपावडरचा दर बदलायचा, हा दुसरा. ईव्हमधल्या अनेक संघांची कच्चा माल परत घेण्याची योजना अशीच असते: जिता या तिथल्या मुख्य बाजारपेठेतला भाव बघायचा आणि त्याच्या ठरावीक टक्क्यांनी माल घ्यायचा. पण तिथे बाजारभाव पडद्यावर दिसतो. आमच्याकडे भाव म्हणजे चार पाट्या आणि दोन अफवा. शिवाय दर कितीही बरोबर ठेवला तरी येणार गनपावडरच, ऊस नाही. दुखणं एका जागी आणि मलम दुसरीकडे.

तिसरा पर्याय गिऱ्हाइकाने सगळं सामान आणावं, आपण फक्त मजुरी घ्यावी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हा जुना शिरस्ता आहे. मंत्र चढवणाऱ्याला गिऱ्हाईक सामान देतं, आणि वस्तू व्यवहाराच्या खिडकीतल्या त्या सातव्या खणात ठेवतं, जिथली वस्तू हात बदलत नाही. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये तर ऑर्डर देण्याची रीतसर सोयच झाली, सामान सोबत जोडायचं आणि मजुरी लिहायची. पण ते तिथे चालतं कारण तिथल्या कारागिराकडे कृती असते, जी गिऱ्हाइकाकडे नसते. आमच्याकडे कसलं गुपित होतं? कागद आणि गनपावडर शेजारी ठेवायचं हे?

इथे एक बाजूची गोष्ट. आमचं नशीब एवढंच की माइनक्राफ्टमध्ये एक गनपावडर दुसरीसारखीच असते. २००३ ते २०११ चाललेल्या स्टार वॉर्स गॅलक्सीजमध्ये प्रत्येक खनिजाला गुणांचे आकडे असत, हजारापर्यंत, आणि चांगला साठा काही दिवसांत संपून पुन्हा तसाच कधी येत नसे. तिथे "धातू चालेल का?" असं कोणी विचारलं तर उत्तर "कुठला, किती गुणांचा?" असायचं. शस्त्रकाराला कच्च्या मालात मोबदला घेणं तिथे खरोखर परवडे, कारण उत्तम प्रतीचा साठा पैशानेही मिळेल याची खात्री नसे. आमच्या गनपावडरला ना प्रत, ना दुर्मिळता. तिची गत टीम फोर्ट्रेस २ मधल्या धातूसारखी. दोन नको असलेली शस्त्रं वितळवून एक स्क्रॅप, तीन स्क्रॅपचं एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचं एक रिफाइंड, म्हणजे अठरा शस्त्रांचं एक रिफाइंड. शस्त्रं खेळता खेळता पडतच राहतात, धातू वाढतच राहतो, आणि सुरुवातीला मोजक्या रिफाइंडला मिळणारी, बक्षिसाच्या पेट्या उघडायची चावी पुढे कित्येक पटींनी महागली. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये सोन्याऐवजी ऑर्बवर व्यापार चालतो, पण तिथे प्रत्येक ऑर्ब वस्तूवर वापरला की संपतो. लोक त्यांची राखरांगोळी करतात म्हणून त्यांना भाव. आमच्या पेटीतली गनपावडर मात्र कोणी जाळतच नव्हतं, अगदी आम्हीसुद्धा.

नवी पाटी

शेवटी ठरलं ते असं. गनपावडर घ्यायची, पण एकच स्टॅक, जेवढी रॉकेटमध्ये जाते तेवढीच. मजुरी गनपावडरमध्ये घ्यायची नाही. कागद आणि मजुरी मिळून दोन पाचू. नवी ओळ: "१ स्टॅक गनपावडर + २ पाचू = १ स्टॅक रॉकेट". हिऱ्याचा भाव होता तोच.

पाचू का? कारण कागदाचा एक भाव असा होता जो कोणाच्या फार्मने हलत नव्हता: ग्रंथपालाचा. चोवीसला एक. आम्ही त्याच्यावर कडी केली आणि शेजारी दुसरी पेटी लावली, "२० ऊस = १ पाचू, कागद करून आणायची गरज नाही". ग्रंथपालापेक्षा चार कमी, आणि कष्टही कमी. शिवाय व्हिलेजरची एक मर्यादा आमच्या पथ्यावर पडली: सोळा वेळा कागद घेतला की त्या सौद्याला फुली पडते आणि तो पुन्हा आपल्या टेबलापाशी जाऊन काम करेपर्यंत थांबावं लागतं. त्याच्या दारातून परत फिरलेला ऊस आमच्याकडे यायला लागला. वीसच्या भावाने एका रॉकेटच्या स्टॅकमधला ऊस पडतो पाचूला किंचित वर, उरलेला जेमतेम एक पाचू मजुरी. चैन नाही, पण पहिल्यांदाच मजुरी नावाचं काहीतरी हातात दिसत होतं.

ती सोळाची फुली बघूनच आणखी एक सुचलं. व्हिलेजर कच्चा माल घेतो, पण अमर्याद घेत नाही. विश्वासावरच्या दुकानात "दिवसाला इतकेच" असं लिहून काही होत नाही, म्हणून आम्ही पेट्याच वेगळ्या केल्या. गनपावडरवाल्यांच्या पेटीत बारा स्टॅक रॉकेट, बस. ती संपली की कागदाचा साठा बघून पुन्हा भरायची. हिऱ्यावाल्यांची पेटी स्वतंत्र. चाळीसचा घास आता कोणाला एकदम घेता येत नाही.

मागच्या खोलीत साठलेली गनपावडर उरली होती, सव्वाशे स्टॅकच्या आसपास. तिला दुसरी वाट काढली. टीएनटीला पाच गनपावडर आणि चार वाळू. ६४ टीएनटीला पाच स्टॅक गनपावडर, चार स्टॅक वाळू. नेदराइट या हिऱ्याहून मजबूत धातूसाठी नेदर नावाच्या पाताळात त्याचं खनिज, एन्शंट डेब्री, शोधणारे लोक टीएनटी लावून बोगदे पाडतात आणि त्यांची भूक राक्षसी असते. पंचवीस स्टॅक टीएनटी महिन्याभरात संपलं, सगळं हिऱ्यांवर. हे आधी का सुचलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रॉकेटचं दुकान म्हणून डोक्यात रॉकेटच.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढे एकाने रेड फार्म, म्हणजे गावावर हल्ला करणाऱ्या लुटारूंना मारून पाचू गोळा करायची रचना, उभारला आणि पाचूंचा पूर आला. दोन पाचूंना काही अर्थ राहीना, ऊस आणणारे कमी झाले, मग आम्ही उसाचा भाव वीसवरून बारावर आणला आणि रॉकेटचे पाचू तीन केले. एवढ्यावर भागलं, कारण पाचू निदान व्हिलेजरकडे जाऊन खर्च तरी होतो. समोरची टपरी दोन आठवड्यांत बंद पडली. तिचा मालक आता आम्हाला ऊस विकतो, आणि तिन्ही शल्कर बॉक्स त्याला परत केले आहेत, मोजून.

परवा पुन्हा चॅटमध्ये एक नवं नाव दिसलं. "ताई, टीएनटी हवंय. हिरे नाहीत. वाळू चालेल का?"

मी टाइप करायला घेतलं, पण भागीदाराचं उत्तर आधी गेलं: "थांब, आमच्याकडे किती आहे ते बघून सांगते." आणि ती मागच्या खोलीत पेट्या मोजायला गेली.